पहिले आपल्या घरचा मेन

ढाणकीच्या शेवटच्या गल्लीत संध्याकाळी एक उंच, ताठ म्हातारा रस्त्याच्या मधोमध उभा राहून स्वतःभोवती फिरायचा. दोन्ही हातांत छातीशी आडवा धरलेला ट्रान्झिस्टर, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कमालीची नाराजी. सायकलवाले त्याला वळसा घालून जात. बकऱ्याही जात. नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याच्या अंगात आलं आहे. गल्लीतल्या लोकांना ठाऊक असे की कुणाच्या तरी घरात खरखर आहे आणि थोड्याच वेळात म्हातारा त्या घराच्या दारात उभा राहणार आहे.

त्यांचं नाव तुळशीराम मुनेश्वर. सैन्यात ते वायरलेसवर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. बौद्ध वस्तीतली मुलं, बाजारातले व्यापारी, पोलीस चौकीतला जमादार, सगळे 'हवालदार' म्हणत. जमादार स्वतः हुद्द्यानं हवालदारच होता, पण त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी त्या गल्लीत खोली घेतली. दुसऱ्याच संध्याकाळी ते दारात आले.

"तुमच्या खोलीत ट्यूब हाये?"

"आहे."

"तिचा चोक बोंबलून राह्यला. मेन कुठं हाये तुमचा?"

"आपण कोण?"

"पहिले मेन बंद करा, मंग ओळख करू."

मी मेन बंद केला. खोलीत अंधार झाला आणि त्यांच्या हातातल्या रेडिओतली खरखर थांबली. निवेदिकेचा स्वच्छ आवाज आला. त्या दिवशी कापसाच्या खरेदीबद्दल काहीतरी सांगत होती. हवालदारांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "मी मुनेश्वर. चोक बदला. आमच्या गल्लीत बातम्या ऐकाले लोक बसतात."

हे खरं होतं. टीव्ही दोन-तीन घरांत होते, पण भारनियमनामुळं संध्याकाळी वीज बहुतेक नसायची. सेलवरचा रेडिओ चाले. खरेदी केंद्र कुठलं उघडलं, कुठलं बंद झालं, भाव काय निघाला, हे लोक रेडिओवर ऐकत आणि ऐकून गप्प बसत. ती वर्षं तशी होती. घराघरांत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असे आणि माणसं ओसरीत झोपत. माझ्या बातम्यांचे विषय ठरून गेले होते. मथळ्यात फक्त गावाचं नाव बदलायचं.

हवालदारांची पद्धत सोपी होती आणि ती सांगायला त्यांना आवडे. ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवला की एका दिशेला खरखर एकदम कमी होते. त्या क्षणी रेडिओचं टोक ज्या रेषेत असतं, त्या रेषेवर खरखरीचा उगम असतो. मात्र तो पुढं आहे की मागं, हे रेडिओ सांगत नाही. म्हणून दूर जाऊन दुसऱ्या जागेवरून तसंच करायचं. दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात, तिथं जाऊन दार वाजवायचं. पण या सगळ्याच्या आधी एक काम. ते काम केल्याशिवाय हवालदार रस्त्यावर पाऊल टाकत नसत.

"पहिले आपल्या घरचा मेन बंद कराचा," ते म्हणत. "आपल्या घरची खरखर असन तर गल्लीत फिरून काय करता? लोकाईच्या दारात जाऊन तोंडावर पडान."

या नियमामागची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. सीमेवरच्या एका चौकीत ते होते. गस्तीला गेलेल्या तुकडीचा संदेश खरखरीत बुडाला. सगळ्यांनी समजूत करून घेतली की पलीकडचे लोक मुद्दाम आवाज सोडत आहेत. साहेबानं तसा अहवालही पाठवला. खरखर चौकीच्याच जनरेटरची होती. "बंद करून पाहाचं कोणाच्या ध्यानातच नाही आलं," हवालदार म्हणाले. त्या तुकडीचं पुढं काय झालं, हे मी विचारलं. त्यांनी रेडिओचे सेल काढून पुसले आणि परत बसवले.

त्यांच्या या उद्योगाला हसणारे पुष्कळ होते. बाजारातल्या खत-बियाणांच्या एका दुकानदारानं नवी रंगीत पाटी लावली होती, तिच्या दिव्यांनी अर्धा बाजार खरखरत असे. हवालदार दारात उभे राहिले, तेव्हा दुकानदार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "हवालदार, लढाई संपली ना बाप्पा! आता तरी घरी बसा."

"संपली असती तर तुले पाटी लावाची काय गरज होती?" हवालदार म्हणाले. गिऱ्हाइकं हसली. पाटी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. एकदा विहारातल्या ट्यूबलाइटनंच खरखर धरली. वंदना सुरू व्हायच्या बेतात असताना त्यांनी स्टुलावर चढून ती काढली आणि लोकांनी मेणबत्तीच्या उजेडात वंदना केली. आपल्या माणसांना सूट नाही, ही गोष्ट ते अभिमानानं सांगत. तो अभिमान थोडा जास्तच होता, हेही नोंदवायला हवं. चुकलो, असं म्हणताना मी त्यांना बरीच वर्षं ऐकलं नव्हतं.

त्यांची एकच मैत्री होती आणि तिची सुरुवात भांडणानं झाली होती. गल्लीच्या टोकाला महेबूबभाई राहत. घराणं पिंजाऱ्याचं. गाद्या-रजयांसाठी रुई पिंजायचं यंत्र त्यांनी पडवीत बसवलं होतं. लग्नसराईत ते दिवसभर चाले आणि गल्लीतला प्रत्येक रेडिओ दिवसभर खरखरत राही. हवालदार दारात आले, तेव्हा महेबूबभाई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कापसात बुडालेले होते.

"मोटर बंद कर."

"मोटर बंद, तो चूल्हा बंद. अबे हवालदार, तेरी फौज ने तुझे छोड दिया, तू हम को कायको नहीं छोडता?"

"तुह्या मोटरचे कार्बन जळाले. आत ठिणग्या उडून राह्यल्या. आसपास काय हाये पाह्य एकदा. रुई हाये. बायको-पोरं आतल्या खोलीत हायेत."

महेबूबभाईंनी मोटारीचं झाकण उघडून पाहिलं आणि यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी हवालदार बसनं उमरखेडला जाऊन नवे कार्बन आणि खरखर दाबणारा एक कंडेन्सर घेऊन आले आणि स्वतः बसवून दिले. तेव्हापासून संध्याकाळी दोघं महेबूबभाईंच्या ओट्यावर बसू लागले. मधे हवालदारांचा रेडिओ, शेजारी महेबूबभाईंच्या पत्नी रझियाबी आतून पाठवत तो चहा. बातम्या हवालदारांच्या, त्यानंतरची जुनी गाणी महेबूबभाईंची, अशी वाटणी होती. गाणं लागलं की हवालदार उठायचं निमित्त शोधत आणि महेबूबभाई त्यांचा हात धरून बसवत. "बैठ. दुश्मन नहीं आता इतने में."

हवालदारांची पत्नी आधीच गेली होती. विलास नावाचा एकुलता मुलगा, सून, लहानगी नात आणि ते, असं घर होतं. शेत गल्लीच्या मागं, नाल्यापलीकडं. हवालदारांनी ते निवृत्तीच्या पैशातून घेतलं होतं, पण शेतीत त्यांचं मन नव्हतं. सगळं विलास पाहत असे. विलास कष्टाळू होता आणि कमी बोलायचा. कापूस दोन वर्षं हातचा गेला, तेव्हा त्यानं अर्ध्या शेतात ज्वारी पेरली. निदान घरात भाकर राहील, असा हिशेब. ज्वारी हुरड्यावर आली आणि पैनगंगेच्या जंगलातून रानडुकरं उतरली. पहिल्या खेपेला त्यांनी पिकाच्या दोन-तीन ओळी लोळवल्या. शेजारच्या शेतकऱ्यानं संपूर्ण तुकडाच गमावला.

त्याच सुमारास, थंडीच्या सुरुवातीला, गल्लीत एक नवी खरखर आली. ती आधीच्यांसारखी नव्हती. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा तुटक तडतडाट. दिवस मावळला की सुरू होई. दव पडू लागलं की वाढे.

अशाच एका संध्याकाळी मी ओट्यावर होतो. भारनियमनामुळं गावात अंधार होता. महेबूबभाईंनी कंदील लावला होता. हवालदारांनी सवयीप्रमाणं घरी जाऊन आधीच बंद असलेल्या विजेचा मेन बंद केला आणि परत आले. खरखर चालूच.

"गावची लाइन मेलेली हाये," ते म्हणाले. "तरी आवाज हाये. म्हंजे शेतीच्या लाइनवर हाये हे."

ते रस्त्यात उभे राहून फिरले. रेषा नाल्याकडं गेली. मग आम्ही शाळेच्या मैदानापर्यंत चालत गेलो आणि तिथं ते पुन्हा फिरले. दुसरी रेषाही नाल्याकडं गेली. महेबूबभाईंनी हात लांब करून दोन्ही रेषा हवेत जुळवल्या आणि थांबले.

"हवालदार, ये तो तेरा खेत है."

"माह्या शेतात काय हाये? मोटर बंद हाये. विलास घरी जेवून राह्यला."

"मैं नहीं बोलता. तेरा रेडिओ बोलता."

हवालदारांनी पुन्हा एकदा रेडिओ फिरवला. तीच रेषा. मग त्यांनी जे स्पष्टीकरण दिलं ते चुकीचं नव्हतं, आणि तीच त्यातली अडचण होती. विजेची तार खरखर वाहून नेते, ते म्हणाले. उगम एकीकडं असतो आणि तार ती दूरवर पसरवते. अशा वेळी रेषा फसवते. शेताच्या कोपऱ्याला नाल्याच्या काठी विजेचा खांब होता. त्यावरची चिनीमातीची चिमणी, म्हणजे तार धरणारा इन्सुलेटर, तडकली असणार, दवानं ओली होऊन तीच तडतडत असणार. असं होतं, हे मी नंतर जाणकारांना विचारून घेतलं. असं खरंच होतं.

"खंबा हाये तो," हवालदार म्हणाले. "उद्या लाइनमनले सांगतो. तू सकाळी बकऱ्याईच्या पाल्यासाठी तिकडं जातं ना? खंब्याजवळून नको जाऊ. ओल असते. बांधावरून फिरून जाजो."

"ठीक है. बांध से जाऊंगा."

रात्री घरी त्यांनी विलासला विचारलं, शेतात काही लावलं आहे का. विलास म्हणाला, "काही नाही बाबा. तुमचे कान वाजून राह्यले." हवालदारांनी ते मानलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाइनमनला गाठून चार माणसांसमोर खांबाची तक्रार केली. लाइनमन वर चढला, त्यानं चिमणी पुसली आणि ठीक आहे म्हणाला. "तुले दिसत नाही," हवालदार म्हणाले. "आतून तडकली असन." गावातल्या प्रत्येक घराचा मेन पाहून आलेला हा माणूस नाला ओलांडून स्वतःच्या शेताच्या बांधावर मात्र गेला नाही.

विलासनं रानडुकरांसाठी पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून थेट करंट घेऊन बांधाच्या कडेनं गुडघाभर उंचीवर एक उघडी तार ओढली होती. बाभळीच्या खुंट्यांना. दिवस मावळताना जोडायची, उजाडताना काढायची. गवत वाढलेलं होतं, त्याची ओली पाती तारेला लागून तडतडत. त्या हंगामात असं करणारा तो एकटा नव्हता.

एका सकाळी त्याला उठायला उशीर झाला.

महेबूबभाई उजाडताच पाला ओढायची आकडी आणि विळा घेऊन निघाले. वेचणीला जाणाऱ्या बायांना ते बांधावर पडलेले दिसले. बाया ओरडत गावात आल्या. गाव नाल्यावर पोचेपर्यंत मधे थोडा वेळ गेला आणि तेवढ्यात तार नाहीशी झाली होती. मी पोचलो तेव्हा विळा गवतात पडलेला होता आणि महेबूबभाईंच्या दाढीत कापसाचा तंतू अडकलेला होता. तो आदल्या दिवसाच्या कामाचा. खांब तिथून दहा-पंधरा पावलांवर होता.

पंचनामा करताना जमादारानं विचारलं, "इथं करंट आला कुठून?" गावचे एक पुढारी हजर होते. ते म्हणाले, "खांबाचा दोष आहे. हवालदारांनी परवाच तक्रार केलीय. चार साक्षीदार आहेत." लोकांनी माना डोलावल्या. हवालदार माणसांत उभे होते. मी त्या दिवशी पाठवलेल्या बातमीत विद्युत खांबातील बिघाडाचा संशय, असं लिहिलं होतं. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक माणसानं तेच सांगितलं होतं.

ही कथा सगळ्यांच्या सोयीची होती. खांबामुळं मृत्यू ठरला तर रझियाबींना सरकारी मदत मिळणार होती. विलास सुटणार होता. लाइनमनवर बालंट येणार होतं, पण तो परगावचा. आणि या कथेचा सगळा भार एका माणसाच्या शब्दावर होता. त्या माणसाला नवं काहीच बोलायचं नव्हतं. आधी बोलला होता ते मागं घ्यायचं नाही, एवढंच.

दफन झालं. संध्याकाळी महेबूबभाईंच्या दारापुढं सतरंजीवर माणसं बसली. हवालदार आले आणि कडेला बसले. थोड्या वेळानं त्यांच्या कुशीतून बारीक आवाज येऊ लागला. रेडिओ. माणसं वळून पाहू लागली. एक म्हातारा रागानं म्हणाला, "हवालदार, मय्यत का घर है! कुछ तो शर्म करो."

हवालदार रेडिओ कानाशी धरून होते. गाणं लागलं होतं. आवाज स्वच्छ होता. दव पडायला लागलं होतं, शेतीच्या लाइनला वीज होती, खांब कालच्याच जागी, कालच्याच चिमणीसह उभा होता आणि तडतड कुठंही नव्हती. त्यांनी रेडिओ बंद केला, उठले आणि नाल्याकडं चालू लागले. मी मागोमाग गेलो. बांधावर त्यांनी टॉर्च लावला. खुंट्या उपटलेल्या होत्या, पण भोकं ताजी होती. भोकांच्या रांगेत गवताची टोकं जळालेली होती. ते प्रत्येक भोकाजवळ वाकले. पेटीपर्यंत गेले. पेटीचं दार उघडून आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"रेडिओनं सांगतलं होतं," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळीही मी त्यांच्यासोबत होतो. ते आधी चौकीत गेले नाहीत. रझियाबी इद्दतीत, नवऱ्यामागच्या एकांताच्या काळात, होत्या. दारावर पडदा होता आणि परपुरुषासमोर त्या येणार नव्हत्या. हवालदार ओट्यावर, नेहमीच्या जागी बसले आणि पडद्याकडं न पाहता बोलले.

"भाभी, खंब्यात काही दोष नव्हता. तार माह्या शेतात होती. विलासनं लावली होती."

पडद्यामागून आवाज आला.

"आप को कब से मालूम था?"

"मालूम नव्हतं. रेडिओ सांगून राह्यला होता. मी मानलं नाही."

"उन्होंने मान लिया था," रझियाबी म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "घर आ के बोले, हवालदार का रेडिओ आज पहली बार गलत निकला. बोले, खंबे में करंट है, हवालदार ने बांध से जाने को बोला है. रोज तो खंबे के पास से ही जाते थे."

मी हवालदारांच्या चेहऱ्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं आतून कप ठेवल्याचा आवाज आला. पडद्याच्या खालून चहा सरकवलेला होता. तो त्यांनी घेतला नाही.

चौकीत जमादारानं त्यांना खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"हवालदार, तुम्ही फौजी माणूस. डोकं गरम झालंय. घरी जा, दोन दिवस विचार करा. पोरगा एकच आहे ना?"

"एकच हाये. लिहा."

"त्या बाईलाही मदत मिळायची राहील."

"लिहा तुम्ही."

विलासला त्याच दिवशी नेलं. निघताना त्यानं ओरडाआरडा केला नाही. दारात थांबून वडिलांना म्हणाला, "पोराले आत टाका बाबा. पण तुमचा रेडिओ खरा ठरला पाह्यजे." सून लहानग्या मुलीला घेऊन माहेरी गेली. त्या संध्याकाळपासून हवालदार स्वतःचा स्वयंपाक स्वतः करू लागले.

खटला बरीच वर्षं चालला. साक्षीदारांपैकी बहुतेकांनी न्यायालयात काही पाहिलं नसल्याचं सांगितलं. हवालदारांनी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. विलासला शिक्षा झाली. सुटल्यावर तो ढाणकीला आला नाही. वणीला कोळशाच्या ट्रकवर लागला. रझियाबींना मदत मिळाली नाही आणि त्याचा दोष गावानं एकमतानं हवालदारांना दिला. "रांडावल्या बाईच्या तोंडचा घास काढला," असं माझ्यासमोर बोललं गेलं. बोलणाऱ्यांत बौद्ध होते, मुसलमान होते, तो दुकानदारही होता. आपल्या माणसांना सूट न देणाऱ्या हवालदारांची जुनी गोष्ट आता कुणी सांगत नव्हतं.

रझियाबींनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. इद्दत संपल्यावर त्यांनी पडवीतलं यंत्र स्वतः चालवायला घेतलं. हवालदार संध्याकाळी ओट्यावर येऊन बसत. दोघांत बोलणं जवळजवळ नसे. बातम्या झाल्या की गाणी लागत आणि हवालदार ती शेवटपर्यंत ऐकत. आता हात धरून बसवायला कुणी नव्हतं, तरी बसत.

पण त्याआधी, दिवस मावळायच्या सुमाराला, ते बाहेर पडत. गल्लीत नाही. गावाबाहेरच्या पांदणीनं, बांधाबांधानं. कुठं तडतड ऐकू आली की दोन जागांवरून रेषा घेत आणि ज्याचं शेत असे त्याच्या घरी जात. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "माह्या घरचा बंद करून आलो, म्हणून सांगाले आलो. तार काढ." पहिल्या अर्ध्या वाक्यानंतर समोरचा सहसा वाद घालत नसे. काहींनी तारा काढल्या. काहींनी हो म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा लावल्या, तेव्हा ते पुन्हा गेले. एका गावात त्यांना ढकलून दिलं आणि रेडिओ फोडला. त्यांनी दोऱ्यानं बांधून तोच रेडिओ चालवला. याची बातमी करू का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "काय लिहान? बुढा पागल झाला? थे तर सगळ्याईले मालूम हाये."

एकदाच त्यांनी आपण होऊन विषय काढला. "पेपरवाले, चौकीवर आमच्याकडून जनरेटर बंद कराचं राहून गेलं होतं," ते म्हणाले. "आम्हाले सुचलंच नाही. इथं तर सुचलं होतं. महेबूबनं बोट दाखवलं. अन् मी त्याले तार अन् खंबा समजावून सांगत बसलो." मग थोडं थांबून म्हणाले, "चुकलो मी." त्यानंतर त्या विषयावर ते बोलल्याचं मला आठवत नाही.

थंडीतल्याच एका तापात ते गेले. उमरखेडच्या दवाखान्यात तीन-चार दिवस होते. अंत्ययात्रेला माणसं मोजकी होती. विलास वणीहून आला होता, ट्रकच्याच कपड्यांत. त्यानं सगळे विधी नीट केले. संध्याकाळच्या बसनं परत जाताना त्यानं घरातला रेडिओ उचलला, गल्लीच्या टोकापर्यंत आला आणि तो रझियाबींच्या ओट्यावर ठेवून निघून गेला.

रझियाबींनी रेडिओ आत नेला नाही. तो ओट्यावरच, दोन माणसांच्या मधल्या जागी राहू लागला. यंत्र थांबवून त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसत आणि चालू करत. गल्लीतल्या काही बायका येऊन बसत. मीही अधूनमधून जात असे.

काही दिवसांनी एका संध्याकाळी बातम्यांच्या मधेच तडतड सुरू झाली. तापल्या तव्यावर थेंब पडावेत तशी. एका बाईनं चटकन पदर सावरला आणि आपल्या मुलाला हाक मारून घरात बोलावलं. कुणीतरी म्हणालं, "आता कोण जाणार पाहायला." कुणी उठलं नाही. दव पडत होतं आणि आवाज वाढत होता.

रझियाबी उठल्या. आत गेल्या. पडवीतला दिवा विझला, मग आतल्या खोलीतला. त्यांनी घरचा मेन बंद केला होता. अंधारात बाहेर येऊन त्यांनी थोडा वेळ कान दिला. तडतड चालूच होती.

मग त्यांनी दोऱ्यानं बांधलेला रेडिओ दोन्ही हातांत आडवा धरला, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश स्वतःभोवती फिरू लागल्या.